रिकामे रकाने

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. कारण गुडघा. उजवा गुडघा बदलून घेतला, आणि नंतरचे दोन महिने माझा मुक्काम बहुतेक माझ्या भाचीच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यातच होता. दवाखाना साताऱ्यात, तळमजल्यावर. दोन खोल्या, तीन खाटा, एक सायकल, भिंतीला लावलेली लाकडी शिडी आणि कर्जावर घेतलेली दोन यंत्रं. माझ्या धाकट्या बहिणीची ही मुलगी. लहानपणी माझ्याकडे सुट्टीत आली की माझ्या वह्या तपासून द्यायची, लाल पेनाने.

तिच्याकडे टेबलावर बसणारी मुलगी बाळंतपणाच्या रजेवर गेली. मी तशीही रोज तासभर आधी जाऊन बसत होते. म्हटलं, मी बघते टेबल. पस्तीस वर्षं हजेरी घेतलेल्या बाईला रजिस्टर दिसलं की हात शिवशिवतात. सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी चार ते आठ, दर अर्ध्या तासाला एक नंबर, म्हणजे दिवसाचे सोळा रकाने. आदल्या दिवशी बहुतेक रकान्यांत नावं असायची. त्या दिवशी संध्याकाळी बघावं तर पाच-सहा नावांपुढे मी 'गै' लिहिलेलं. गैरहजर. फोन नाही, निरोप नाही. सवयीने मी महिनाअखेरीला बेरीज केली आणि भाचीपुढे ठेवली. ती काही बोलली नाही. यंत्रांच्या हप्त्याचा आकडा तिने शेजारी पेन्सिलीने लिहिला. तेवढ्यावर मला समजलं.

पुढे कळलं ते असं. तिच्यापुढे दोन वाटा आल्या होत्या. एका हाडांच्या डॉक्टरांचा माणूस येऊन सांगून गेला होता की पेशंट पाठवू, शंभरामागे तीस परत द्यायचे. याला आपल्याकडे सरळ 'कट' म्हणतात, आणि तो थांबवण्यासाठी २०१७ साली राज्य सरकारने कायद्याचा मसुदासुद्धा तयार करवून घेतला होता, म्हणजे प्रकार किती पसरलेला आहे बघा. भाचीने त्याला नाही म्हटलं होतं. दुसरा एक तरुण मुलगा जाहिराती करून देणारा. दहा बैठकांचं पॅकेज, त्यावर दोन फुकट, दिवाळीला सवलत, फोनवर रोज चित्रं. त्याला तिने अजून हो-नाही काही सांगितलं नव्हतं. एक दिवस माझा गुडघा वाकवता वाकवता (आणि मी ओरडता ओरडता) म्हणाली, "मावशी, तू इतिहासाची ना? तुझ्या इतिहासात यावर काही आहे का?"

तिने चेष्टा केली. मी मात्र मनावर घेतलं. नातवाने इंग्रजी कागद छापून दिले, शब्दकोश जवळ घेतला, आणि रोज दुपारी दोन पानं या वेगाने वाचत गेले. आणि चकितच झाले. रकाने कसे भरायचे हा प्रश्न या व्यवसायाला नंतर कधी पडलेला नाही. तो त्याच्या जन्मातच आहे.

तसं मागे जायचं तर स्वीडनपर्यंत जावं लागेल. पेर हेन्रिक लिंग नावाचे तलवारबाजीचे शिक्षक होते, त्यांनी १८१३ साली स्टॉकहोमला व्यायामाची सरकारी संस्था काढली. व्यायामाने आणि हाताने आजार बरे करण्याचं शिस्तशीर शिक्षण तिथे सुरू झालं. आपल्या तालमीतले वस्ताद मुरगळलेला पाय बसवून देत आणि पैसे घेत नसत, त्यांचे हे लांबचे भाऊबंद म्हणायचे. पण माझ्या कथेला खरी सुरुवात होते ती लंडनमध्ये, १८८० नंतर.

फिलाडेल्फियाचे डॉक्टर वेअर मिचेल यांनी थकलेल्या, खचलेल्या रुग्णांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, एक उपचार बसवला होता. कित्येक आठवडे अंथरुणात पूर्ण विश्रांती, भरपूर दूध आणि खाणं, आणि स्नायू दुबळे पडू नयेत म्हणून रोज मालिश. त्यांचं पुस्तक १८७७ साली निघालं, आणि थोड्याच वर्षांत लंडनच्या डॉ. प्लेफेअर यांनी ही पद्धत इंग्लंडात आणली. श्रीमंत घरांतून मागणी वाढली. पण रोज जाऊन मालिश कोण करणार? परिचारिका शिकू लागल्या. त्यांना चार पैसे जास्त मिळू लागले. आणि जिथे चार पैसे जास्त, तिथे क्लास निघणारच. थोड्या दिवसांत शिकवून हातात प्रमाणपत्र देणाऱ्या शाळा निघाल्या. खेड्यापाड्यांतल्या मुली फी भरून, काही कर्ज काढून शिकल्या, आणि बाहेर पडून बघतात तो काम नाही. शिकलेल्या फार, रुग्ण थोडे.

इथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. आपल्या जिल्ह्या-जिल्ह्यांत निघालेली खासगी कॉलेजं, दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुली, त्यांच्या आईवडिलांनी भरलेली फी, सगळं डोळ्यापुढे आलं. माझ्या शाळेतल्याच किमान चारजणी आठवल्या.

पुढचं लिहायला संकोच वाटतो, पण इतिहास आहे. त्या काळी लंडनच्या वर्तमानपत्रांत मालिशच्या जाहिराती येऊ लागल्या होत्या. अमुक रस्त्यावर, अमुक वेळेत, नव्या मदतनीस मुलीसह. वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजे. १८९४ च्या जुलैमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने उघड लिहिलं की मालिशच्या नावाखाली शहरात कुंटणखाने चालतात, आणि कर्जात अडकलेल्या, काम न मिळालेल्या शिकाऊ मुलीही त्यात ओढल्या जातात. गदारोळ उडाला. ज्या बाया इमानाने रुग्णालयांत हे काम करत होत्या, त्यांच्याकडेही लोक त्याच नजरेने बघू लागले.

तेव्हा चौघीजणी पुढे आल्या. ल्यूसी रॉबिन्सन, रोझलिंड पॅजेट, एलिझाबेथ मॅन्ली आणि मार्गारेट पामर. परिचारिका आणि सुईणीचं काम शिकलेल्या. १८९४ च्याच डिसेंबरात त्यांनी सोसायटी ऑफ ट्रेन्ड मसूझेस स्थापन केली, म्हणजे मालिशचं रीतसर शिक्षण घेतलेल्या स्त्रियांची संस्था. आजची इंग्लंडमधली फिजिओथेरपिस्टांची मोठी संस्था ती हीच.

त्यांनी परीक्षा ठेवली, शरीरशास्त्राचा अभ्यास सक्तीचा केला. ते ठीकच. पण मला गुंतवून ठेवलं ते त्यांच्या नियमांनी. डॉक्टरने सांगितल्याशिवाय कोणालाही मालिश करायची नाही. पुरुषांना सर्वांगाची मालिश करायची नाही, डॉक्टरने खास रुग्ण म्हणून विनंती केली तर गोष्ट वेगळी. निव्वळ वैद्यकीय नियतकालिकं सोडून कुठेही जाहिरात द्यायची नाही. आणि रुग्णाला औषधं विकायची नाहीत.

आता हे नियम रजिस्टर पुढ्यात ठेवून वाचा. ज्यांच्यापुढे रिकामे रकाने हीच मोठी धास्ती होती, त्या बायांनी रकाने भरण्याच्या सगळ्या सोप्या वाटा आपल्या हाताने बंद केल्या. निम्मी माणसं, म्हणजे पुरुष, जवळजवळ वजा. वर्तमानपत्र वजा. औषधाची बाटली विकून मिळणारे वरचे पैसे वजा. आपल्या पायांनी चालत येणारा रुग्णसुद्धा वजा, कारण त्याने आधी डॉक्टरकडे जायला हवं. उरली एकच वाट, डॉक्टरची चिठ्ठी.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी फार भारावले. भाचीला फोन करून सांगितलंसुद्धा. आपली लायकी सिद्ध करा, नाव राखा, लोक आपोआप येतील, असा माझ्या पिढीचा विश्वास. आमच्या वेळी शिकवण्यांचा प्रश्न असाच होता. ऐंशीच्या दशकात शाळेत गणित-इंग्रजीचे शिक्षक घरी शिकवण्या घेत, आणि वर्गात कमी शिकवत असाही बोलबाला असे. मी इतिहासाची, माझ्याकडे कोण येणार! तरी दोन वर्षं मराठीचा तास माझ्याकडे होता तेव्हा पालक विचारायला आले. माझ्याच वर्गातली मुलं मी घेतली नाहीत. दारावर पाटीही लावली नाही. त्याचा अभिमान मी आजवर बाळगला आहे. यजमानांची तेव्हाची तक्रार मात्र मी सोयीने विसरते. त्यांचं म्हणणं होतं, पाटी न लावणं परवडतं, कारण तुला पहिल्या तारखेला पगार मिळतो.

भाचीनेही फोनवर तेच विचारलं. "मावशी, त्या चौघींना पगार होता का गं?"

प्रश्न बिनतोड होता. रोझलिंड पॅजेट सधन, वजनदार घराण्यातल्या. विल्यम रॅथबोन या लिव्हरपूलच्या दानशूर खासदारांची भाची. (भाचीच निघाली तीही.) त्यांना जाहिरात न करणं परवडत होतं. मग ज्यांना परवडत नव्हतं त्यांचं काय झालं? त्यांची नावं मला त्या कागदांत सापडली नाहीत. परीक्षेची फी न परवडणाऱ्या, शहाण्या हाताच्या पण अर्धवट शिकलेल्या बाया संस्थेच्या बाहेर राहिल्या, आणि बाहेर राहिलेल्यांकडे संशयाने बघायला आता समाजाला एक यादीही मिळाली. संस्थेने हजारो मुलींना मानाचं काम दिलं हे खरंच. पण दार बंद करताना कोणाची बोटं सापडली तेही बघावं.

रकाने भरले का, म्हणाल तर भरले, आणि कसे, ते वाचण्यासारखं आहे. डॉक्टरांना विश्वासाची माणसं हवीच होती, परीक्षा दिलेल्या बाईला चिठ्ठ्या येऊ लागल्या. मग १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. अल्मेरिक पॅजेट या खासदारांनी आणि त्यांच्या पत्नीने पन्नास प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांचं पथक सरकारला देऊ केलं. लंडनला पोर्टलंड प्लेसमध्ये त्यांनी बाह्यरुग्ण केंद्र काढलं, तिथे रोज सुमारे २०० जखमी उपचाराला येत. दोनशे! आणि सगळे पुरुष. वीस वर्षांपूर्वीचा पुरुषांना हात लावायचा नाही हा नियम तोफांच्या आवाजात कुठल्या कुठे गेला. त्याच युद्धात डोळे गमावलेल्या शिपायांसाठी आर्थर पिअर्सन यांनी १९१५ मध्ये सेंट डन्स्टन्स ही संस्था काढली. पिअर्सन वर्तमानपत्रांचे मालक, स्वतःची दृष्टी गेलेले. तिथे काही शिपाई मालिश आणि वैद्यकीय व्यायाम शिकले आणि पुढे त्यावर पोट भरू लागले. बोटांनी बघणारी माणसं ती. १९२० मध्ये संस्थेला राजसनद मिळाली, पुरुषही सभासद होऊ लागले, आणि १९४४ मध्ये नावात 'फिजिओथेरपी' आलं.

जुलै १९४८ मध्ये इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, उपचार मोफत झाले. पुढच्याच महिन्यात रोझलिंड पॅजेट वारल्या, ९३ व्या वर्षी. रिकाम्या रकान्यांची जागा तिकडे लांबलचक प्रतीक्षायादीने घेतली, हे बघायला त्या नव्हत्या. गंमत म्हणजे फुकट असूनही नंबर घेऊन न येणारे तिथेही आहेतच. म्हणजे नुसत्या पैशाचं हे दुखणं नाही.

पण त्या चिठ्ठीची किंमत? एकदा रजिस्टरची किल्ली डॉक्टरच्या हातात दिल्यावर ती परत घ्यायला किती वेळ लागला पाहा. कोणता उपचार करायचा आणि किती दिवस, हे फिजिओथेरपिस्टने स्वतः ठरवावं, अशी मोकळीक इंग्लंडमध्ये सरकारी परिपत्रकाने मिळाली १९७७ साली. १८९४ पासून मोजा, त्र्याऐंशी वर्षं. अमेरिकेत चिठ्ठीशिवाय रुग्ण घ्यायची मुभा देणारं पहिलं राज्य नेब्रास्का, १९५७. सगळ्या राज्यांत कुठल्या ना कुठल्या स्वरूपात ती मिळायला २०१५ उजाडलं. आपल्याकडे २०२१ मध्ये या सगळ्या व्यवसायांसाठी केंद्राचा कायदा झाला, तरी २०२५ च्या सप्टेंबरात यांनी नावामागे 'डॉ.' लावावं की नाही यावर एक सरकारी पत्र निघालं आणि लगेच मागेही घेतलं गेलं. आणि साताऱ्यातल्या एका टेबलापाशी शंभरामागे तीस मागणारा माणूस उभा राहतो, तो त्या जुन्या चिठ्ठीच्याच जोरावर. चौघींनी अब्रू राखायला जे दार उघडं ठेवलं, त्याच दारात हा टोल बसला. त्यांना दोष देत नाही. १८९४ मध्ये मी असते तर मीही तेच केलं असतं.

आता मुंबईत येऊ, कारण ही कथा आपल्याकडे आली ती वेगळ्या वाटेने. तिकडे युद्धाने रकाने भरले, आपल्याकडे पोलिओने.

फातिमा इस्माईल यांचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? स्वातंत्र्यलढ्यातल्या उमर सोबानींची बहीण. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. आई मुलीला घेऊन उपचारासाठी गावोगाव फिरली, स्वतः सगळं समजून घेतलं, आणि जे आपल्या मुलीला मिळालं ते इतरांनाही मिळावं म्हणून १९४७ साली मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था काढली. हाजीअलीचं मुलांचं रुग्णालय त्यातूनच उभं राहिलं. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. दुसऱ्या कमलाबाई निंबकर, मूळच्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. त्यांनी १९५० मध्ये केईएममध्ये व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली, देशातली पहिली. (फलटणच्या निंबकरांच्या घरातल्या या. त्यांची सून जाई निंबकर म्हणजे इरावतीबाई कर्व्यांची मुलगी. आपल्याकडे सगळ्या गोष्टी कुठेतरी नात्यात जाऊन पोचतात.) आणि १९५२-५३ च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटना, मुंबई राज्य सरकार आणि महापालिका यांनी मिळून केईएमलाच फिजिओथेरपीची पहिली शाळा काढली. १९५५ मध्ये फिजिओथेरपिस्टांची देशव्यापी संघटना झाली.

हे सन-सनावळ्यांचं झालं. मी मात्र ते आतून पाहिलेलं आहे, आणि इतकी वर्षं मला ते इतिहास वाटलंच नव्हतं.

माझी आत्या दादरला राहायची. तिच्या धाकट्या मुलाला, माझ्या आतेभावाला, पोलिओ झाला १९५६ साली. डावा पाय गेला. मी आठ-नऊ वर्षांची असताना मे महिन्यात त्यांच्याकडे राहायला गेले होते. आत्या आठवड्यातून दोनदा त्याला कडेवर घेऊन दादरहून ट्रामने परळला केईएमला जायची. (ट्राम १९६४ च्या मार्चअखेर बंद झाली. दादर टीटीमधला 'ट्राम टर्मिनस' तेवढा उरला.) मुलगा चार वर्षांचा, शिवाय कॅलिपरचं ओझं. परतताना तिचा खांदा भरून यायचा. दोनअडीच वर्षं ती गेली. त्या वेळी मला तो फक्त आईचा जीव वाटला. आता टेबलावर बसून दुसरंही काही दिसतं.

तिथे भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. पाय किती वर उचलला त्याच्या. तिथली बाई दर वेळी आतेभावाला भिंतीशी उभा करायची, खूण करायची, आणि मागच्या खुणेशेजारी आत्याचं बोट ठेवायची. "बघा, एवढं झालं." एवढं म्हणजे कधी अर्धा बोट, कधी काहीच नाही. काहीच नसलं की म्हणायची, "आज तो दमलाय, पुढच्या वेळी." आत्या घरी येऊन काकांना बोटाने माप दाखवायची. एकदा पावसाळ्यात तीन खेपा चुकल्या. मला आत्याने नंतर पुष्कळदा सांगितलंय की चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आलं होतं. रागाचं नाही. मुलगा बरा आहे ना, एवढंच विचारलेलं. आत्या दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन निघाली. ते कार्ड तिच्या ट्रंकेत शेवटपर्यंत होतं.

माझ्या वाचनात एक डच अभ्यास आला, १९९३ चा. लोक सांगितलेले व्यायाम का करत नाहीत, यावरचा. त्यात कारणं निघाली ती अशी: रोजच्या जगण्यातल्या अडचणी, 'तुमचं चांगलं चाललंय' असं कोणी न सांगणं, आणि आपल्या हातात काही नाही अशी भावना. हॉलंडातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये जे मांडलं ते परळच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

मग मी काय केलं, तर शाळेत करत असे तेच. मुलगा तीन दिवस आला नाही की मी घरी जात असे. इथे 'गै' असलेल्यांना फोन लावायला बसले. भाची म्हणाली, मावशी रागावू नकोस हं कुणाला. आणि काय सांगू मंडळी, जी कारणं निघाली त्यांवर पॅकेजचा काही इलाज नव्हता. एका आजोबांना आणणाऱ्या मुलाची पाळी बदलली होती. कोरेगावकडच्या दोन बायांची एसटीच पावणेपाचला पोचायची आणि नंबर साडेचारचा. त्या येऊन, उशीर झाला म्हणून लाजून, बाहेरच्या बाहेर परत जात होत्या! एका गृहस्थांचं दुखणं तीन बैठकांत थांबलं, ते म्हणाले, आता कशाला? चौथ्यात पाठीला बळ यायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सगळ्यात जास्त निघाले ते माझ्या ओळखीचे. घरी करायला दिलेला व्यायाम केला नाही, म्हणून ताईंना तोंड कसं दाखवायचं? गृहपाठ केला नाही म्हणून शाळा बुडवणारे. साठीतले, सत्तरीतले. पस्तीस वर्षं ज्यांना मी ओळखते तेच.

साडेचारचा नंबर पाचचा झाला. भाचीने प्रत्येकासाठी एक कार्ड केलं, त्यावर सांधा किती अंशांत वाकतो ते दर खेपेला लिहून तारीख घालायची. माझं पहिलं कार्ड बघितलं तर ६० अंश, आता ११०. मी ते सगळ्यांना दाखवत सुटले आहे. जाहिरातवाल्या मुलाला तिने पाटीवर वेळा नीट रंगवून द्यायला सांगितल्या, पॅकेज नको म्हणाली. तो जरा खट्टू झाला. आणि गावातल्या दहा डॉक्टरांना तिने पत्रं लिहिली: तुमच्या अमुक रुग्णाची प्रगती अशी, सोबत अंशांचा तक्ता. दोघांची उलट पत्रं आली, छान होती. एकांचा फोन आला, मीच घेतला. तक्ता फार चांगला आहे म्हणाले, आणि मग विचारलं, "बाकी व्यवहाराचं कसं?" मी म्हटलं, व्यवहार मॅडम बघतात, मी फक्त हजेरी घेते.

काल सोळापैकी तीन रिकामे होते. आज चार. हप्ता दहा तारखेला आहे, आणि भाचीच्या पेन्सिलीचा आकडा अजून रजिस्टरच्या मागे तसाच आहे. टेबलावरची मुलगी पुढच्या महिन्यात येईल, तोवर मी आहे.

आता थांबते. रिकाम्या चारपैकी एका रकान्यात भाचीने माझं नाव लिहून टाकलंय, साडेपाच, आणि सकाळपासून लिहीत बसल्यामुळे मी आजचा व्यायाम केलेला नाही.